चंद्रावर आणि त्यापलीकडे राहिलेल्या आपल्या यानांची जाहीर नोंदवही ठेवा : इस्रोला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, भारतीय अंतराळ संशोधन संस्था (इस्रो) तथा सचिव, अंतराळ विभाग, बेंगळुरू
प्रत : मा. अध्यक्ष, इन-स्पेस, अहमदाबाद

विषय : पृथ्वीच्या कक्षेपलीकडे असलेल्या भारतीय वस्तूंची अधिकृत व खुली नोंदवही

सन्माननीय महोदय,

चांद्रयान-३ चा विक्रम चंद्रावर नेमका कुठे उभा आहे, असे विचारले तर आज दोन उत्तरे हाती येतात. एक, ६९.३६७६ अंश दक्षिण आणि ३२.३४८१ अंश पूर्व. दुसरे, ६९.३७३ अंश दक्षिण आणि ३२.३१९ अंश पूर्व. पहिला बिंदू उतरण्यासाठी आधी ठरवलेला. दुसऱ्या बिंदूवर यान प्रत्यक्ष उतरले. दोहोंत सुमारे ३५० मीटरचे अंतर आहे. तरीही बातम्यांत, शालेय प्रकल्पांत आणि इंटरनेटवरच्या नकाशांत पहिलाच आकडा ‘विक्रमची जागा’ म्हणून सर्रास दिला जातो. प्रज्ञान रोव्हर एकूण शंभरेक मीटरच चालला. त्यामुळे पहिल्या आकड्यावर भरवसा ठेवून कक्षेतून काढलेल्या छायाचित्रांत शोध घेणाऱ्याला विक्रम तर सोडाच, प्रज्ञानच्या वाटेचा मागही लागणार नाही.

आम्ही महाराष्ट्रातले काही हौशी आकाशनिरीक्षक, कक्षागणित करणारे अभ्यासक आणि खगोलशास्त्र शिकवणारे शिक्षक. आमची मागणी एकच आहे. पृथ्वीच्या कक्षेपलीकडे गेलेल्या प्रत्येक भारतीय वस्तूची एक अधिकृत, अचूक आणि कुणालाही उघडून वाचता येईल अशी नोंदवही इस्रोने ठेवावी, आणि चांद्रयान-४ निघण्यापूर्वी ती सुरू करावी. माहिती इस्रोकडे आहे, याबद्दल आम्हाला शंका नाही. पण ती प्रसिद्धिपत्रकांत, वार्षिक अहवालांत, शोधनिबंधांत आणि ब्यालालू येथील डेटा सेंटरच्या संचांत विखुरलेली आहे. चार गुंठे जमिनीचाही सातबारा निघतो. एवढ्या कष्टाने दुसऱ्या खगोलावर पोचवलेल्या यानाचा का निघू नये?

या नोंदवहीची पहिली पाने काही कमी नाहीत. १४ नोव्हेंबर २००८ रोजी चांद्रयान-१ पासून सुटलेली मून इम्पॅक्ट प्रोब शंभर किलोमीटर उंचीवरून साधारण २५ मिनिटांत शॅकल्टन विवराजवळ आदळली. बाजूंवर तिरंगा असलेली ती प्रोब ही चंद्रावर पोचलेली आपली पहिली वस्तू. खुद्द चांद्रयान-१ अजून चंद्राभोवती फिरत असावे. ७ सप्टेंबर २०१९ रोजी आदळलेल्या चांद्रयान-२ च्या, म्हणजे पहिल्या विक्रमचे अवशेष, चांद्रयान-२ चे ऑर्बिटर, शिवशक्ती स्थळावरचा दुसरा विक्रम, त्याचा रॅम्प आणि २६ किलोंचा प्रज्ञान, विक्रमला चंद्रापर्यंत नेणारे चांद्रयान-३ चे प्रोपल्शन मॉड्यूल, मंगळाभोवती मंगळयान आणि पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर सूर्याच्या दिशेला, सूर्य आणि पृथ्वी यांच्या ओढीचा मेळ बसणाऱ्या एल-१ बिंदूभोवती आदित्य. शिवाय आदळताना सुटलेले तुकडे आणि सोनेरी इन्सुलेशनचे कपटे आहेतच. यातल्या प्रत्येकाची माहिती वेगळ्या तऱ्हेने ठेवावी लागते, कारण प्रत्येकाच्या बाबतीत होणारी चूक वेगळी असते.

आधी जमिनीवरच्या वस्तू. चंद्रावर अक्षांशाचा एक अंश म्हणजे ३०.३ किलोमीटर. आकडा दशांश चिन्हानंतर दोनच स्थळांपर्यंत दिला, म्हणजे नुसते ‘६९.३७’ लिहिले, तर दीडशे मीटर इकडे-तिकडे इतकी संदिग्धता राहतेच. चार स्थळे दिली तर ती दीड मीटरवर येते. चांद्रयान-२ वरच्या ओएचआरसी कॅमेऱ्याला २५ ते ३० सेंटीमीटरपर्यंतचा तपशील दिसतो. तेव्हा त्या छायाचित्रांवरून ठरवलेली जागा पाच स्थळांपर्यंत द्यायला हवी, आणि सोबत अनिश्चितता मीटरमध्ये.

त्याहून मोठी चूक संदर्भ-चौकटीची, म्हणजे अक्षांश-रेखांश कोणत्या अक्षांवरून मोजले त्याची. चंद्राच्या नकाशांसाठी ‘मीन अर्थ’ चौकट वापरतात आणि कक्षेच्या गणितासाठी ‘प्रिन्सिपल ॲक्सिस’ चौकट. या दोन चौकटींत एकाच जागेचे आकडे जमिनीवर सुमारे ८७५ मीटरपर्यंत सरकतात. कोणती चौकट, हे न लिहिता सहा दशांश स्थळे दिली तरी ती अचूकता फसवी ठरते. उंची मोजताना १७३७.४ किलोमीटर त्रिज्येचा गोल धरला आहे की कुठला भूरूप-नमुना, हेही लिहावे लागते. आणि आकडा कशावरून काढला? उतरतानाच्या यानाच्या स्वतःच्या गणितावरून, रेडिओ मोजमापावरून, की नंतरच्या छायाचित्रावरून? तिन्ही उत्तरे वेगळी येतात. तिन्ही जपून ठेवावीत. नवे आले म्हणून जुने पुसू नये.

हा काटेकोरपणा कशासाठी, ते लुनोखोद-१ च्या गोष्टीतून कळते. सोव्हिएत संघाच्या या रोव्हरशी सप्टेंबर १९७१ मध्ये संपर्क संपला. त्याच्या पाठीवर फ्रान्सने बनवलेला लेसर परावर्तक होता. पण नेमकी जागा ठाऊक नसल्याने लेसर भलत्याच ठिकाणी मारला जात राहिला. मार्च २०१० मध्ये चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या लुनार रिकॉनिसन्स ऑर्बिटरच्या (एलआरओ) छायाचित्रात रोव्हर सापडला, आणि २२ एप्रिलला न्यू मेक्सिकोतल्या अपाचे पॉइंट वेधशाळेला त्याच्यावरून परतलेला प्रकाश मिळाला. परावर्तक धडधाकट होता. जवळपास चार दशके चंद्राचे अंतर आणि डगमग मोजण्यासाठी तो वापरता आला असता, तो केवळ पत्ता चुकल्यामुळे पडून राहिला.

ब्रिटनच्या बीगल-२ या लँडरचे उदाहरण तर अधिक बोलके. २५ डिसेंबर २००३ रोजी मंगळावर उतरताना ते हरवले आणि आदळून फुटले असेल, असेच मानले गेले. २०१५ च्या जानेवारीत कक्षेतून घेतलेल्या छायाचित्रांत ते अख्खे दिसले. सौर पट्ट्या मात्र अर्धवटच उघडलेल्या. म्हणजे उष्णकवच, पॅराशूट, हवेच्या पिशव्या या सगळ्यांनी आपापले काम चोख केले होते, अडले ते शेवटच्या पायरीला. राहिलेल्या वस्तूची जागा आणि अवस्था कळल्याशिवाय अपयशाचे कारणही खात्रीने सांगता येत नाही.

आपल्याकडेही हे घडलेले आहे. पहिल्या विक्रमचा पत्ता लावण्यात चेन्नईचे अभियंता षण्मुग सुब्रमण्यम यांचा मोठा वाटा होता. नासाने खुली केलेली आधीची व नंतरची छायाचित्रे त्यांनी शेजारी-शेजारी ठेवून पाहिली, आणि मुख्य आघातस्थळाच्या वायव्येला सुमारे ७५० मीटरवर एक उजळ ठिपका त्यांच्या नजरेस पडला. नासाने डिसेंबर २०१९ मध्ये शोध जाहीर केला तेव्हा नकाशावर हिरवे ठिपके यानाच्या तुकड्यांचे आणि निळे ठिपके उकरलेल्या मातीचे दाखवले होते. तुकडे काही किलोमीटरच्या पट्ट्यात जवळपास दोन डझन ठिकाणी विखुरलेले होते. एका तुकड्यासाठी एक ओळ, अशी ही यादी आपल्या नोंदवहीत असायला हवी. ओएचआरसीच्या छायाचित्रांवरून ती आणखी बारकाईने करता येईल, आणि हे काम महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांकडून तपासून घेता येईल.

कक्षेतल्या वस्तूंचे दुखणे निराळे आहे. त्या एका जागी राहत नाहीत, आणि चंद्राभोवतीची कक्षा तर फारच खोडकर. चंद्राच्या कवचाखाली जागोजागी जड खडकांचे साठे आहेत. त्यांच्या ओढीने कक्षेचा चंद्राला सर्वांत जवळचा बिंदू खालीवर होत राहतो. अपोलो-१६ ने सोडलेला छोटा उपग्रह या ओढाताणीत ३५ दिवसांतच, २९ मे १९७२ रोजी, चंद्रावर आदळला. उलट चांद्रयान-१ टिकले, कारण मे २००९ मध्ये त्याची कक्षा १०० वरून २०० किलोमीटरवर नेलेली होती. त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस संपर्क तुटला. पुढे २ जुलै २०१६ रोजी कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोनच्या ७० मीटर अँटेनाने चंद्राच्या उत्तर ध्रुवाच्या माथ्यावर, पृष्ठभागापासून सुमारे १६० किलोमीटरवर, सूक्ष्मलहरींचा झोत रोखून धरला, आणि वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्रीन बँकच्या १०० मीटर दुर्बिणीने परतीचा प्रतिध्वनी टिपला. चार तासांत एक छोटी वस्तू त्या झोतातून दोनदा गेली. फेरीला २ तास ८ मिनिटे, म्हणजे अगदी चांद्रयान-१ चीच वेळ. मात्र २००९ च्या आकड्यांवरून वर्तवलेल्या जागेपेक्षा ते १८० अंश पुढे-मागे होते. कक्षेचा आकार आणि कल जवळजवळ जुळत होता, पण त्या कक्षेत यान अर्धी फेरी चुकलेले होते.

हे अपेक्षितच आहे. फेरीच्या वेळेत सेकंदाच्या अंशाची चूक असली तरी वर्षाला चार हजारांवर फेऱ्या होतात, आणि चूक साचत जाते. म्हणून कक्षेतल्या वस्तूची नोंद म्हणजे ‘१०० किलोमीटरची ध्रुवीय कक्षा’ एवढे लिहिणे नव्हे. शेवटच्या खात्रीच्या क्षणी स्थान आणि वेग यांचे सहा आकडे, तो क्षण कोणत्या कालमापनात, गणितासाठी वापरलेला चंद्राचा गुरुत्व-नमुना, सहाही आकड्यांच्या अनिश्चिततेचा तक्ता, आणि वस्तूचे क्षेत्रफळ-वजन गुणोत्तर एवढे हवे. शेवटचा आकडा लोक विसरतात. सूर्यप्रकाशाचा दाब पोकळ, हलक्या वस्तूला जास्त ढकलतो. २०२० मध्ये लघुग्रह म्हणून नोंदली गेलेली २०२० एसओ ही वस्तू १९६६ च्या सर्व्हेयर-२ मोहिमेचा सेंटॉर रॉकेट-टप्पा असल्याचा संशय याच ढकलण्यावरून बळावला होता. वर्णपटाने तो पक्का झाला. हे सारे सीसीएसडीएस या आंतरराष्ट्रीय समितीने ठरवलेल्या एफेमेरिस (वेळेनुसार स्थानांचा तक्ता) स्वरूपात आणि यानांच्या गणितासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या स्पाइस फायलींत दिले, तर जगातला कुणीही अभ्यासक ते थेट आपल्या गणितात घेऊ शकेल.

नाही दिले तर काय होते? ४ मार्च २०२२ रोजी एक रॉकेट-टप्पा चंद्राच्या पलीकडच्या बाजूला हर्ट्‌झस्प्रंग विवरात आदळला. आधी तो स्पेसएक्सचा मानला गेला. ज्या बिल ग्रे या कक्षागणिताच्या अभ्यासकांनी ती ओळख पटवली होती, त्यांनीच नंतर ती दुरुस्त करून तो २०१४ च्या चांगई-५ टी-१ मोहिमेचा टप्पा असल्याचे सांगितले. चीनच्या परराष्ट्र मंत्रालयाने तो टप्पा पृथ्वीच्या वातावरणात जळून गेल्याचे सांगून हे नाकारले. ॲरिझोना विद्यापीठातल्या चमूने रंगाच्या वर्णपटावरून तो चिनीच असल्याचा निष्कर्ष काढला. एलआरओला तिथे १८ आणि १६ मीटरची दोन जोडविवरे दिसली. अधिकृत आणि खुली नोंद असती तर हा वाद एका संध्याकाळी मिटला असता. जानेवारी २०२५ मध्ये लघुग्रहांची जागतिक नोंद ठेवणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरने २०१८ सीएन४१ हा नवा लघुग्रह जाहीर केला आणि दुसऱ्याच दिवशी तो मागे घेतला, कारण ती २०१८ मध्ये अंतराळात सोडलेली टेस्लाची मोटार निघाली. पृथ्वीजवळून जाणाऱ्या लघुग्रहांवर पहारा देणाऱ्यांचा मौल्यवान दुर्बीणवेळ असा वाया जातो.

भारताची एक वस्तू उद्या असाच गोंधळ घालू शकते. चांद्रयान-३ चे प्रोपल्शन मॉड्यूल १३ ऑक्टोबर २०२३ रोजी चंद्राभोवतीच्या कक्षेतून बाहेर काढून पृथ्वीभोवतीच्या फार उंच कक्षेत आणले गेले. ते चंद्रावर आदळू नये आणि ३६,००० किलोमीटरच्या भूस्थिर पट्ट्यातही शिरू नये, असा मार्ग आखला होता. उत्तम काम, आणि त्याचे कौतुक पुरेसे झाले नाही. पण अशा उंचीवर चंद्राची ओढ कक्षेला सतत वाकवते. दोन-तीन वर्षांनी ते कुठे असेल हे जुन्या आकड्यांवरून सांगता येत नाही. त्याची ताजी कक्षा दर तीन महिन्यांनी जाहीर झाली, तर लघुग्रह शोधणाऱ्यांची फसगत टळेल. सोबत यानावरच्या इन्सुलेशनचा, सौर पट्ट्यांचा आणि रंगाचा प्रयोगशाळेत मोजलेला वर्णपट द्यावा. अपोलो-१२ च्या रॉकेटचा टप्पा २००२ मध्ये ओळखला गेला तो पांढऱ्या रंगातल्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या खुणेवरून. आपले नमुने इस्रोच्या प्रयोगशाळांत असणारच. ते मोजून प्रसिद्ध करायला फार खर्च नाही.

चंद्राभोवती गर्दी होत आहे, हे आपल्याला सांगायला नको. १८ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री चांद्रयान-२ ला बाजूला सरकवावे लागले, कारण २० तारखेला सकाळी उत्तर ध्रुवाजवळ ते आणि एलआरओ अवघ्या तीन किलोमीटरच्या टप्प्यात येणार होते आणि उंचीतला फरक १०० मीटरहून कमी होता. दोन्ही संस्थांनी आपापले आकडे एकमेकींना दाखवले म्हणून हे आधी कळले. बंद पडलेल्या चांद्रयान-१ साठी मात्र समोरून कुणी आकडे देत नाही. त्याचा ताजा माग कुणीतरी काढायला हवा. आमच्या जवळचा, खोडदचा जीएमआरटी हा रेडिओ दुर्बिणींचा समूह या कामाला चालणार नाही. त्याची मजल साधारण १४५० मेगाहर्ट्‌झपर्यंत आणि गोल्डस्टोनच्या रडारची लहर ८५०० मेगाहर्ट्‌झच्या पुढची. पण जीएमआरटीने काय करून दाखवले आहे, तेही लक्षात घ्यावे. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचा शियापारेली लँडर मंगळावर उतरताना त्याच्या ४०० मेगाहर्ट्‌झच्या आसपासचा क्षीण संदेश जीएमआरटीच्या ४५ मीटरच्या थाळ्यांनी थेट टिपला होता, आणि तो कधी थांबला ते नोंदवले होते. पुढच्या लँडरवर या पट्ट्यातला एक साधा बीकन (सतत रेडिओ संदेश सोडणारे उपकरण) ठेवला, तर उतरण्याचा अख्खा प्रवास जुन्नर तालुक्यातून ऐकता येईल, आणि काही बिघडलेच तर शेवटचा क्षण सेकंदाच्या अंशापर्यंत हाती राहील.

बीकन बॅटरीवर चालतो. चंद्रावरची चौदा दिवसांची रात्र त्याला संपवते. परावर्तकाला वीजच लागत नाही. विक्रमवर नासाने बसवलेला छोटा परावर्तक पाच सेंटीमीटर रुंदीचा, घुमटावर आठ काचेचे कोपरे असलेला, सुमारे २० ग्रॅमचा. १२ डिसेंबर २०२३ रोजी, विक्रम झोपी गेल्यानंतर तीन महिन्यांनी, एलआरओने शंभर किलोमीटरवरून लेसर मारला आणि तो परत आला. असा परावर्तक प्रत्येक लँडरवर, रोव्हरवर आणि पुढे मागे राहणाऱ्या प्रत्येक भागावर बसवण्याचा नियमच करावा. तो भारतात बनवता येईल. काळजी एवढीच घ्यायची की उतरतानाची धूळ त्यावर बसू नये आणि रोव्हरच्या सौर पट्टीने तो झाकला जाऊ नये.

धुळीचा विषय निघालाच आहे. इस्रोनेच प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार विक्रम उतरताना सुमारे २.०६ टन माती उडाली आणि १०८.४ चौरस मीटर भागावर पसरून उजळ वलय झाले. शेवटच्या टप्प्यात विक्रमची दोनच इंजिने चालू होती. आता यापेक्षा कितीतरी जड लँडर दक्षिण ध्रुवाकडे जाऊ पाहत आहेत. चंद्रावर हवा नसल्याने उडालेला कण वाटेत अडत नाही. अपोलो-१२ नोव्हेंबर १९६९ मध्ये, आधीच चंद्रावर उभ्या असलेल्या सर्व्हेयर-३ या यानापासून सुमारे १६० मीटरवर उतरले. अंतराळवीरांनी सर्व्हेयरचा कॅमेरा आणि काही भाग काढून परत आणले, तेव्हा त्यांच्या लँडरकडची बाजू वाळूचा फवारा मारून घासल्यासारखी झालेली आढळली. नासाने २०११ मध्ये सुचवलेल्या नियमांत जुन्या स्थळांपासून दोन किलोमीटर दूर उतरावे असे म्हटले आहे, ते यामुळेच. शिवशक्ती स्थळाभोवती असे अंतर भारताने स्वतःहून जाहीर करावे. पण ज्या स्थळाचे दोन वेगळे आकडे फिरत आहेत, त्याच्याभोवती वर्तुळ आखणार कसे? आणि आपण दुसऱ्यांकडून हे अंतर मागणार असू, तर चांद्रयान-४ व जपानसोबतच्या चांद्रयान-५ ची जागा निवडतानाही इतरांच्या वस्तूंपासून किती अंतर राखले, ते कागदावर दाखवावे.

नोंदीत यानाची अवस्थाही हवी. विक्रमचे १७५२ किलो हे वजन सगळीकडे दिसते. ते प्रज्ञानसह आणि इंधनासह आहे. चंद्रावर प्रत्यक्षात किती टेकले, ३ सप्टेंबर २०२३ च्या छोट्या उडीनंतर टाक्यांत किती इंधन व ऑक्सिडायझर उरले, हेलियमच्या टाकीत दाब किती, झडपा उघड्या की बंद, बॅटरी सौर पट्टीपासून तोडली का, प्रेषक उजेड येताच आपोआप चालू होण्याच्या स्थितीत आहे का? उद्या एखादा रोव्हर किंवा माणूस जवळ जाईल तेव्हा हे प्रश्न जिवावरचे असतील. रात्री गोठून दिवसा तापणाऱ्या टाक्यांचे सांधे कधी ना कधी दगा देतात, आणि ते इंधन विषारी व आपोआप पेटणारे आहे. यानातून काय-काय नेले, तेही लिहावे. इस्रायलचे बेरेशीट एप्रिल २०१९ मध्ये चंद्रावर आदळले, आणि त्यात टार्डिग्रेड नावाचे हजारो सूक्ष्म जीव होते हे जगाला काही महिन्यांनी कळले. अशी वेळ भारतीय मोहिमेवर, सरकारी असो वा खासगी, येऊ नये. इन-स्पेसने परवाना देतानाच सामानाची पूर्ण यादी आणि शेवटाचा आराखडा मागावा.

आता ज्यात खरोखर घाई आहे ते. चांद्रयान-२ चे ऑर्बिटर ऑगस्ट २०१९ पासून चंद्राभोवती आहे आणि त्याचे आयुष्य सुमारे सात वर्षांचे सांगितले गेले होते. मुदत जवळ आली आहे. इंधन संपून ते आपोआप कुठेतरी पडण्याऐवजी ठरवलेल्या जागी पाडावे. १०० किलोमीटरच्या वर्तुळाकार कक्षेतून पृष्ठभागाला टेकणाऱ्या कक्षेत आणायला वेग सेकंदाला सुमारे २३ मीटरने कमी करावा लागतो. ६८२ किलो कोरड्या वजनाच्या यानाला त्यासाठी सहा-सात किलो इंधन पुरते. चूक सावरण्यासाठी त्याच्या दुप्पट राखीव धरावे. हे इंधन आजच बाजूला काढून ठेवले नाही, तर नंतर निर्णय घ्यायला काही उरणार नाही. नासाच्या ग्रेल मोहिमेची जुळी याने १७ डिसेंबर २०१२ रोजी उत्तर ध्रुवाजवळच्या डोंगरावर मुद्दाम आदळवली गेली, आणि ती जागा अपोलो व लुनाच्या स्थळांपासून दूर आहे हे आधीच पाहिले होते. वेळ आधी जाहीर केल्याने एलआरओला उडालेल्या वायूंचे निरीक्षणही करता आले. आपणही एक महिना आधी वेळ आणि जागा सांगितली, तर भारतातल्या दुर्बिणी तयार राहतील.

आदित्य-एल१ साठी हाच विचार वेगळ्या रीतीने करावा लागेल. एल-१ भोवतीची कक्षा मुळात अस्थिर. दुरुस्ती थांबली की साधारण तेवीस दिवसांत चूक अडीच-पावणेतीन पट होते आणि यान सूर्याकडे किंवा पृथ्वीकडे वाहू लागते. युरोपने हर्शेल आणि गाया ही एल-२ वरची (पृथ्वीच्या पलीकडच्या तशाच बिंदूवरची) याने शेवटचे इंधन वापरून सूर्याभोवतीच्या कक्षेत ढकलली; गाया तर मार्च २०२५ मध्ये एकेक यंत्रणा बंद करत पूर्ण निष्क्रिय केले. आदित्यसाठी तसे किती इंधन राखले आहे, हे जाहीर करावे. मंगळयानाशी एप्रिल २०२२ मध्ये, लांबलेल्या ग्रहणानंतर, संपर्क तुटला. त्याची कक्षा पुढची पन्नास वर्षे मंगळाला कधी टेकेल का, याचे गणित प्रसिद्ध करावे. कोस्पार या आंतरराष्ट्रीय अंतराळ संशोधन समितीच्या ग्रह-संरक्षण नियमांत अशा यानांनी वीस वर्षांत एक टक्क्याहून आणि पन्नास वर्षांत पाच टक्क्यांहून अधिक आदळण्याची शक्यता ठेवू नये, असे म्हटलेलेच आहे.

चांद्रयान-४ चे पाच भाग असणार. उतरणारा भाग चंद्रावर राहील. चंद्रावरून नमुने घेऊन वर येणारा आणि ते देऊन मोकळा झालेला आरोहक चंद्राभोवतीच फिरत राहिला, तर आपण स्वतःच्याच पुढच्या मोहिमांच्या वाटेत काटा पेरू. चीनने चांगई-५ चा आरोहक डिसेंबर २०२० मध्ये ३० अंश दक्षिण, शून्य रेखांशाच्या आसपास ठरवून पाडला. आपल्या आरोहकाची, प्रोपल्शन मॉड्यूलची आणि ट्रान्सफर मॉड्यूलची शेवटची जागा उड्डाणाआधीच नोंदवहीत लिहिलेली असावी. एप्रिल २०२४ मध्ये बेंगळुरूला जाहीर झालेले ‘२०३० पर्यंत कचरामुक्त अंतराळ मोहिमा’ हे उद्दिष्ट चंद्रालाही लागू करावे.

कायदा आडवा येत नाही. १९६७ च्या अंतराळ कराराच्या आठव्या कलमानुसार या वस्तू कुठेही असल्या तरी मालकी आपलीच, आणि सातव्यानुसार त्यांच्यामुळे झालेल्या नुकसानीची जबाबदारीही आपली. अंतराळातल्या वस्तूंच्या नोंदणी करारात मात्र उड्डाणाची तारीख, फेरीचा काळ, कल, कक्षेचे सर्वांत जवळचे व दूरचे अंतर अशी मोजकीच माहिती मागितली आहे. चंद्रावर उभ्या असलेल्या लँडरसाठी यातले बहुतेक रकाने निरर्थक ठरतात. पण करार अधिक माहिती द्यायला मनाई करत नाही. २१ जून २०२३ रोजी भारताने चंद्र-मोहिमांतल्या सहकार्याच्या आर्टेमिस करारावर सही केली, आणि त्यात अंतराळातला वारसा जपण्याचे व कचरा कमी करण्याचे कलम आहेच.

सुरुवात मोठी नको. वर सांगितलेल्या वस्तूंची एक साधी सारणी, सोबत कक्षेच्या फायली, प्रत्येक आकड्याला स्रोत आणि तारीख, प्रत्येक बदलाला आवृत्ती क्रमांक, आणि जुन्या आवृत्त्या कायम उपलब्ध. नोंदवही संकेतस्थळाच्या नूतनीकरणात गायब होऊ नये म्हणून तिला स्थायी ओळखक्रमांक द्यावा आणि एक प्रत ब्यालालूबाहेर ठेवावी. मराठीसह भारतीय भाषांत तिचे सोपे रूप असावे, म्हणजे शिक्षकांना चुकीचा आकडा फळ्यावर लिहावा लागणार नाही. पहिली आवृत्ती येत्या २३ ऑगस्टला, राष्ट्रीय अंतराळ दिनी, प्रसिद्ध करावी आणि चुका कळवण्यासाठी एक पत्ता द्यावा. मसुदा आधी दाखवलात तर निर्देशांक, चौकटी आणि कक्षांची फेरतपासणी करून आम्ही एका महिन्यात लेखी अभिप्राय पाठवू. विक्रमच्या दोन आकड्यांतला दुसराच ग्राह्य, हे मात्र मसुद्याची वाट न पाहता आत्ताच एका ओळीत अधिकृतपणे सांगावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
महाराष्ट्रातील हौशी आकाशनिरीक्षक, कक्षागणिताचे अभ्यासक आणि खगोलशास्त्राचे शिक्षक